पांढरी कावीळ वंशात उतरते का?

परभणी जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. नाव आणि गाव छापत नाही, पत्रही थोडं छोटं केलं आहे.

“डॉक्टरताई, माझं वय ४१, किराणा दुकान आहे. थोरला भाऊ दिवाळीच्या आधी लिव्हरच्या कॅन्सरनं गेला. वय ४७. माळकरी माणूस, दारूला कधी शिवला नाही. तरी मयतीला आलेले लोक ‘चोरून घेत असेल’ म्हणून कुजबुजत होते. नंतर सातबारा आणि रेशनकार्डाच्या पिशवीत वहिनीला रक्तपेढीची १२ वर्षांपूर्वीची चिठ्ठी सापडली. शिबिरात रक्त दिलं होतं, त्यात पांढरी कावीळ निघाली होती. भावानं कुणालाच सांगितलं नाही. आता मी तपासलं, मी पॉझिटिव्ह. २४ वर्षांचा पुतण्याही पॉझिटिव्ह. शहरातले डॉक्टर म्हणाले, या विषाणूचे जीन माणसाच्या जीनमध्ये शिरतात आणि त्यातून कॅन्सर होतो. तेव्हापासून झोप नाही. जीनमध्ये शिरला म्हणजे वंशातच शिरला ना? पुतण्याची बायको पाच महिन्यांची गरोदर आहे. त्या लेकराला हे जाणार का? माझा एसजीपीटी नॉर्मल आला, म्हणून गावचे डॉक्टर म्हणतात काही करायची गरज नाही. काय करू?”

भाऊ,

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. पांढरी कावीळ म्हणजे हेपॅटायटिस बी, आणि त्याचा विषाणू तुमच्या वंशात शिरलेला नाही. डोळ्यांचा रंग किंवा टक्कल जसं बापाकडून मुलाकडे जातं, तसा हा आजोबांकडून नातवाकडे जात नाही. लेकराला तो लागू शकतो, पण रक्ताच्या संपर्कातून, आणि ती वाट बंद करता येते. सुनबाईला पाचवाच महिना आहे, हाताशी पुरेसा वेळ आहे.

दुसरी गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते, कारण पत्रातली ती ओळ मी परत परत वाचली. तुमच्या भावाच्या कॅन्सरला दारूची गरजच नव्हती. ती १२ वर्षांपूर्वीची चिठ्ठी पुरेशी आहे. वहिनींना हे सांगा, आणि चार माणसांत सांगा. लिव्हर गेलं म्हणजे दारूच, हे आपल्याकडे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की माळकऱ्याच्या मयतीतसुद्धा लोक बाटली शोधतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं १९९४ सालीच हेपॅटायटिस बी आणि सी या दोन्ही विषाणूंना माणसात नक्की कॅन्सर करणाऱ्या कारणांच्या यादीत घातलं. त्याच्याही आधी, तैवानमध्ये २२,७०७ पुरुषांवर काही वर्षं लक्ष ठेवून १९८१ साली निष्कर्ष छापले गेले: ज्यांच्या रक्तात बी विषाणू होता त्यांना लिव्हरचा कॅन्सर होण्याचा धोका इतरांच्या दोनशे पटींहून जास्त निघाला. हा आकडा वाचून दचकू नका. विषाणू अंगात असणाऱ्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही, आणि त्या काळी त्यावर गोळीही नव्हती. आकडा सांगितला तो एवढ्याचसाठी, की तुमच्या भावावर झालेला आरोप खोटा होता हे तुम्हाला कळावं.

मग भावाला हा आला कुठून? बहुधा लहानपणीच. मोठेपणी लागण झाली तर शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक लोक विषाणूला शरीराबाहेर काढतात. जन्मताच लागली तर नव्वद टक्के बाळांमध्ये तो कायमचा राहतो. माझ्या स्वतःच्या लहानपणी आमच्या गावात बाजाराच्या दिवशी सुई टोचणारा एक जण यायचा. स्टोव्हवर पातेलीत पाणी, त्यात काचेच्या दोन पिचकाऱ्या आणि चार-पाच सुया. पाण्याला आधण यायच्या आत पुढचा माणूस बाही वर करून उभा. सुई काढायची, फडक्याला पुसायची, टोचायची. आम्ही भावंडं त्याच रांगेत होतो. तुमच्या पिढीत घराघरांत हा विषाणू असाच पसरला. कुठे अशा सुयांतून, कुठे आईकडून बाळंतपणात, कुठे एकाच वस्तऱ्यानं जावळं काढताना. तुमच्या मायची तपासणी करा, पण ती पॉझिटिव्ह निघाली तर तिला दोष लागणार नाही याची काळजी घ्या. ज्याचं नावही तिनं कधी ऐकलं नाही, ते तिनं तुम्हाला ‘दिलं’ असं म्हणता येत नाही.

आता ‘जीनमध्ये शिरतो’ याचा अर्थ. डॉक्टर खरंच बोलले, पण घाईत अर्धं बोलले.

बी विषाणू लिव्हरच्या पेशीतच का शिरतो? कारण त्याला धरायला लागणारी कडी लिव्हरच्या पेशींवर असते. तिचं मूळ काम पित्तातले क्षार रक्तातून पेशीत ओढून घेणं. बीजिंगच्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली दाखवून दिलं की विषाणू हीच कडी पकडून आत येतो. म्हणजे जे काही घडतं ते लिव्हरच्या पेशीत घडतं. तिथे विषाणूचा तुकडा मानवी जीनला चिकटला, तर तो त्या पेशीत आणि तिच्यापासून फुटलेल्या पेशींत राहतो. भावाच्या लिव्हरमध्ये जे बिघडलं ते भावाबरोबर संपलं. पुतण्याला जे मिळालं तो जिवंत विषाणू आहे, बापाचे बिघडलेले जीन नव्हेत.

आपल्या एका पेशीत आनुवंशिक माहितीची, म्हणजे डीएनएची, सुमारे ६०० कोटी अक्षरं असतात. या विषाणूची जेमतेम ३,२००. एवढ्याशा जागेत चार जीन बसवलेत, तेही एकमेकांवर चढवून, एकाच ओळीतून दोन वाक्यं वाचता येतील असे. एक बाहेरचं आवरण बनवतो. रक्तात एचबीएसएजी म्हणून जे तपासतात ते हेच आवरण. दुसरा आतला गाभा बनवतो. तिसरा नक्कल काढण्याचं यंत्र. चौथ्याचं काम काय ते सापडेना, म्हणून त्याला नुसतं ‘एक्स’ म्हणून ठेवलं. नाव आजही तेच आहे, पण आता त्याच्याबद्दल बरंच ठाऊक झालं आहे.

विषाणू पेशीच्या केंद्रात शिरला की आपली माहिती एका बंद कड्याच्या रूपात तिथे ठेवून देतो. पेशी गप्प बसत नाही. तिच्याकडे प्रथिनांचा एक संच असतो, तो अशा परक्या कड्याला धरतो आणि त्याचं कामकाज बंद पाडतो. २०१६ साली समजलं की एक्स जीनपासून बनणारं प्रथिन नेमका हाच संच मोडून टाकायला लावतं. पहारेकरी संपला की विषाणू मोकळा. पण हा पहारेकरी घरच्याही कामाचा होता. आपल्या स्वतःच्या डीएनएची मोडतोड दुरुस्त करण्यात त्याचा हात असतो. तो नाहीसा झाला की रोजच्या लहानसहान चुका दुरुस्त न होता साचत जातात. शिवाय पी-५३ नावाचं एक प्रथिन बिघडलेल्या पेशीला थांबवतं किंवा मरायला लावतं. त्याच्या कामातही एक्स अडथळा आणतो असं प्रयोगांत दिसलं आहे. मात्र एकटा एक्स पुरत नाही. १९९१ साली उंदरांच्या एका जातीत नुसता हा जीन घातला तेव्हा त्यांना लिव्हरचे कॅन्सर झाले, पण इतर काही प्रयोगांत उंदरांना काहीच झालं नाही. हे मुद्दाम सांगते आहे. विषाणू अंगात असणं आणि कॅन्सर होणं, यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत.

त्यातली एक पायरी म्हणजे तुमची झोप उडवणारं ते ‘शिरणं’. विषाणूला स्वतःच्या जगण्यासाठी त्याची गरज नसते. आपला डीएनए कुठे तुटला, आणि त्याच वेळी विषाणूच्या माहितीचा सुटा तुकडा जवळ असला, की दुरुस्तीच्या गडबडीत तो तुकडा त्या फटीत शिवला जातो. बहुतेक वेळा तो कुठेतरी निरुपद्रवी जागी पडून राहतो. क्वचित एखाद्या पेशीत तो नको तिथे बसतो.

नको तिथे म्हणजे कुठे? आपल्याकडे शेताला लाइट रात्री-अपरात्री येते म्हणून मोटारीला ऑटो बसवतात. लाइट आली की कुणी बटण न दाबता मोटार चालू. विषाणूच्या तुकड्यात असाच एक ऑटो असतो. लिव्हरच्या पेशीत चालू होण्यासाठीच तो बनलेला आहे. आता आपल्या पेशीतल्या डीएनएच्या धाग्यांची टोकं प्रत्येक विभाजनाला थोडी थोडी झिजतात, आणि फार झिजली की पेशी वाढायची थांबते. ती टोकं परत भरून काढणारं यंत्र बनवणारा एक जीन आहे, टर्ट. मोठ्या माणसाच्या लिव्हरमध्ये तो जवळपास बंद असतो. विषाणूचा तुकडा ऑटोसकट त्याच्या शेजारी बसला की मोटार चालू होते आणि चालूच राहते. पेशी थांबायचं विसरते. बी विषाणूमुळे झालेल्या कॅन्सरच्या गाठी तपासल्या तर दहांतल्या आठ-नऊ गाठींत विषाणूचे तुकडे शिवलेले सापडतात, आणि ते सगळ्यांत जास्त वेळा सापडणारं ठिकाण म्हणजे या टर्टची शेजारची जागा.

आवरण बनवणाऱ्या जीनचीही एक गोष्ट आहे. वर्षानुवर्षं आत राहिल्यावर त्यातले काही भाग गळून पडतात आणि अर्धवट आवरणं बनायला लागतात. ती पेशीबाहेर पडू शकत नाहीत, आतच साठतात. शिकत असताना लिव्हरच्या तुकड्याची काचपट्टी मी पहिल्यांदा पाहिली ती अजून आठवते. गुलाबी पेशींच्या गर्दीत मधूनच काही पेशी फुगलेल्या, धुरकट, न्हाणीघराच्या खिडकीला असते तशा दुधी काचेसारख्या. आमच्या सरांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, ही पेशी आवरणानं गळ्यापर्यंत भरली आहे. अशी कोंडलेली पेशी सतत ताणाखाली असते आणि त्या ताणातही डीएनएला इजा होते.

या सगळ्याला वेग देते ती आपलीच प्रतिकारशक्ती. विषाणू पेशीला थेट मारत नाही. तो लपलेल्या पेशी आपलं शरीर मारतं, मग लिव्हर नव्या पेशी बनवतं, परत मारामारी, परत नव्या पेशी. वीस-तीस वर्षं हे चाललं की प्रत्येक नकलेबरोबर चुका वाढतात आणि मधे मधे वणाची जाळी तयार होते. ती दाट झाली की सिरोसिस. बी विषाणूचा अवघड भाग असा, की सिरोसिस न होताही कॅन्सर होऊ शकतो, कारण शिवलेले तुकडे त्याची वाट पाहत नाहीत.

तुमच्या नॉर्मल एसजीपीटीबद्दल माझं मत इथेच सांगते. एसजीपीटी सांगतो की आज लिव्हरच्या पेशी किती मरताहेत. विषाणू किती आहे, वण किती पडले आहेत, गाठ आहे की नाही, यातलं तो काही सांगत नाही. ‘नॉर्मल आहे, काही करू नका’ हा सल्ला तुमच्यासाठी चुकीचा आहे. तुमच्या सख्ख्या भावाला हा कॅन्सर झाला, एवढ्या एका कारणानं तुमची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि सोबत एएफपी ही रक्ततपासणी व्हायला हवी. वय किती, त्रास होतो की नाही, हे मग बघायचंच नाही. गाठ दोन सेंटिमीटरची असताना सापडणं आणि पोटात पाणी झाल्यावर सापडणं यात माणसाच्या जिवाचा फरक पडतो. तुमच्या भावाला त्या १२ वर्षांत अशा चोवीस संधी मिळाल्या असत्या. हे लिहिताना मला वाईट वाटतं आहे, पण तुमच्या नि पुतण्याच्या बाबतीत हे परत होऊ नये म्हणून लिहिते.

घरातलीच आणखी एक गोष्ट. शेंगदाणे आणि मक्यावर एक बुरशी वाढते, तिचं विष अफ्लाटॉक्सिन. ते पी-५३ च्या जीनमध्ये एका ठरावीक जागी, २४९ व्या स्थानी, अक्षर बदलतं. बी विषाणू आणि हे विष एकत्र आले की धोक्याची नुसती बेरीज होत नाही, गुणाकार होतो. तुमचं तर किराणा दुकान आहे. परतीच्या पावसात भिजलेला माल कसा वास मारतो ते मी तुम्हाला काय सांगणार. सुरकुतलेला, काळपट, कडवट दाणा वेचून टाका, कुटून चटणीत घालू नका, गिऱ्हाइकालाही देऊ नका. भाजल्यानं हे विष पुरतं जात नाही.

लोक बी आणि सी यांत गोंधळ करतात म्हणून दोन शब्द सी बद्दल. सी विषाणूची माहिती डीएनएत नाही, आरएनए नावाच्या दुसऱ्या रेणूत असते आणि ती आपल्या डीएनएत शिवली जात नाही. तो कॅन्सर करतो तो मुख्यतः वर्षानुवर्षांच्या दाहातून आणि सिरोसिसमधून. त्याची प्रथिनंही पेशीचं कामकाज बिघडवतात ते वेगळंच. पण तो बहुतेक सगळ्यांमध्ये १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण निघून जातो. घरात सगळ्यांची बी बरोबर सी चीही तपासणी करून घ्या.

बी पूर्ण निघून जात नाही. पेशीच्या केंद्रातलं ते बंद कडं आजची औषधं काढू शकत नाहीत, शिवले गेलेले तुकडेही नाहीत. पण टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर या गोळ्या नक्कल काढणारं यंत्र बंद पाडतात. रक्तातला विषाणू जवळपास दिसेनासा होतो, मारामारी थांबते, वण कमी होऊ लागतात, सुटे तुकडे कमी होतात आणि कॅन्सरचा धोका उतरतो. शून्य होत नाही, म्हणून गोळी चालू असली तरी सहामाही सोनोग्राफी सोडायची नाही. आणि गोळी मनानं बंद करायची नाही. एकदम बंद केल्यावर विषाणू उसळून लिव्हर निकामी झालेली माणसं मी पाहिली आहेत. दोन महिने बरं वाटलं म्हणून थांबवली, एवढंच कारण होतं.

तुम्ही आणि पुतण्या दोघांनी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात जा. २८ जुलै २०१८ पासून देशात राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम चालू आहे, त्यात तपासण्या आणि औषधं मोफत आहेत. डॉक्टरांना सांगा: भाऊ लिव्हरच्या कॅन्सरनं गेला. हे वाक्य पहिलं सांगा. मग एचबीव्ही डीएनए म्हणजे विषाणूचा आकडा, ई-अँटिजेन म्हणजे विषाणू किती जोरात वाढतोय त्याची खूण, प्लेटलेट, सोनोग्राफी आणि जमल्यास लिव्हरमधले वण मोजणारा फायब्रोस्कॅन. जिल्ह्याला नसेल ती तपासणी नांदेडला किंवा संभाजीनगरच्या घाटीत कुठे करायची ते चिठ्ठी लिहून देतील. गोळी लगेच लागेल की नाही ते या आकड्यांवर ठरेल. घरात कॅन्सर झालेला असला की डॉक्टर गोळी लवकर सुरू करण्याकडे झुकतात, आणि मला ते योग्य वाटतं.

तुमची बायको, मुलं, वहिनी, माय, सगळ्यांची एचबीएसएजी तपासा. जे निगेटिव्ह आणि ज्यांच्या अंगात संरक्षण नाही, त्यांना तीन डोस: आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी. ताट वेगळं करू नका. एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं, लेकराचा मुका घेतल्यानं हा लागत नाही. दाढीचं ब्लेड, दात घासायचा ब्रश आणि नेलकटर मात्र ज्याचं त्याचं.

गावात कुणी ना कुणी माळ घालायला किंवा हाताला चुना लावून कावीळ उतरवायला सांगेल. हातावर आधी चोळलेला पाला आणि वरून चुना, यांनी पाणी पिवळं होतं, बघणाऱ्याला वाटतं कावीळ निघाली. साधी पाण्यातून होणारी कावीळ बहुधा आपोआप बरी होते आणि श्रेय त्या माणसाला मिळतं. बी विषाणू हातातून उतरत नाही. मला या प्रकाराचा राग येतो, कारण त्यात महिने जातात. वर ‘लिव्हरची जडीबुटी’ म्हणून दिलेली पुडी लिव्हरलाच इजा करू शकते.

आता सुनबाई. पुतण्या पॉझिटिव्ह आहे यापेक्षा ती स्वतः पॉझिटिव्ह आहे की नाही हे बाळासाठी जास्त महत्त्वाचं. तिची एचबीएसएजी याच आठवड्यात करा. निगेटिव्ह आली तर तिला लस द्या, गरोदरपणात ती चालते. पॉझिटिव्ह आली तर विषाणूचा आकडा काढा. तो दोन लाखांच्या वर असेल तर २८ व्या आठवड्यापासून टेनोफोव्हिर, म्हणजे बाळंतपणाच्या वेळी तिच्या रक्तातला विषाणू उतरलेला असतो. बाळंतपण दवाखान्यातच. बाळाला पहिला डोस जन्मल्यावर २४ तासांच्या आत, जितका लवकर तितका बरा. आई पॉझिटिव्ह असेल तर सोबत दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे विषाणूला अडवणाऱ्या तयार प्रथिनांचं, इंजेक्शन. मग ६, १० आणि १४ आठवड्यांना नेहमीच्या लसीतून पुढचे डोस. अंगावर दूध पाजायला काही हरकत नाही. तैवाननं १९८४ पासून नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि पुढे तिथल्या मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर कमी झाला. आपल्याकडे ती देशभर २०११ पासून मिळते. तुमचा पुतण्या त्याच्या आधी जन्मला, त्याचं लेकरू त्याच्यानंतर जन्मणार आहे.

सुनेच्या माहेरच्यांना हेच सांगा, आणि पुतण्याला सोबत घेऊन सांगा. त्याच्या बापानं चिठ्ठी पिशवीत ठेवली ती लाजेपायी. पुतण्यानं आपली चिठ्ठी सातबाऱ्याखाली ठेवू नये.

सुनबाईच्या बाळंतपणाच्या फाइलवर, पहिल्याच पानावर, लाल पेनानं लिहून ठेवा: ‘घरात हेपॅटायटिस बी. बाळाला लस २४ तासांच्या आत.’ बाळंतपण रविवारी झालं, रात्री दोनला झालं, तरी ते पान नर्सताईंना दाखवा. ती जबाबदारी तुम्ही स्वतः घ्या.

तुमची,
डॉक्टरताई